आधी जावक, मग आवक: आयएसएलच्या नव्या हंगामाचा अंदाज कसा लिहावा

कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे. उघडता साठा, आवक, जावक, शिल्लक, एवढ्या चार रकान्यांत माझा दिवस जातो. इंडियन सुपर लीगचा हंगाम जवळ आला की त्याच शंभर पानी वहीत मागच्या बाजूनं मी फुटबॉल लिहायला घेतो. एका संघाला एक पान. २०१४ साली आठ पानांत काम भागलं होतं, २०२४ ला तेरा लागली. गल्ल्याशेजारी वही पडलेली असते. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं ती उघडून वाचतात आणि नंतर माझ्याशी भांडतात.

यंदा अकरावीतला भाचा म्हणाला, "मामा, मलाबी लिहायचंय तसलं." आणि लिहून आणलंसुद्धा. चौदा संघ, प्रत्येकाखाली तीन ओळी. "समतोल संघ. अनुभवी परदेशी खेळाडू. यंदा चांगल्या कामगिरीची अपेक्षा." मी वरची नावं बोटानं झाकली आणि विचारलं, हे कुणाबद्दल आहे? त्याला सांगता येईना. एफसी गोव्याखालचं वाक्य पंजाबखाली टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तेव्हा त्याला दुकानातल्या स्टुलावर बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहितोय.

पहिल्या पानावर कुठलाही संघ घेऊ नका. तिथं स्पर्धा लिहा: संघ किती, सामने किती, पुढं किती जाणार, मैदानात एका वेळी परदेशी किती. यात आळस केला की पुढची सगळी पानं वाकडी जातात. २०२०-२१ चा हंगाम कोरोनामुळं अख्खा गोव्यात झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, तेही रिकाम्या. मी मात्र केरळा ब्लास्टर्सच्या पानावर सवयीनं 'कोचीच्या प्रेक्षकांचा दबाव' असं लिहून बसलो होतो. कोचीचे प्रेक्षक त्या वर्षी घरात टीव्हीसमोर होते.

२०२४-२५ चा हंगाम उदाहरणाला बरा, कारण तो नीट, पूर्ण झाला. तेरा संघ, प्रत्येकी २४ सामने. पहिले सहा पुढं. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी आणि चौथ्याची पाचव्याशी, एकेकाच सामन्यात, गुणतक्त्यात वर असलेल्याच्या घरी. त्यानंतरच्या हंगामाचं गणितच निराळं. व्यावसायिक हक्कांचा करार संपल्यामुळं तो लांबला, आणि शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ पासून चौदा संघ, एकेरी साखळी, एकूण ९१ सामने असं जाहीर झालं. म्हणजे एका संघाला तेराच सामने. चोवीस सामन्यांत चांगला संघ दोन वाईट महिने पचवू शकतो, तेरात नाही. नोव्हेंबरात लय सापडणाऱ्या कोचला लांब हंगामात आपण सवलत देतो, आखूड हंगामात ती देऊ नये. अशा वर्षी मी वरच्या आणि खालच्या संघांमधलं अंतर अंदाजात कमीच धरतो.

आणि हेही आधी ठरवा की तुम्ही शील्डबद्दल बोलताय की कपाबद्दल. साखळीत पहिला येतो त्याला शील्ड, अंतिम सामना जिंकतो त्याला कप. २०२१-२२ ला शील्ड जमशेदपूरनं घेतली, कप हैदराबादनं. २०२३-२४ ला शील्ड मोहन बागानला आणि कप मुंबई सिटीला. दोन्ही एकाच हंगामात नेणारे २०२४-२५ पर्यंत दोनच: २०२०-२१ ची मुंबई आणि २०२४-२५ चं मोहन बागान. 'यंदा चॅम्पियन अमुक' असं नुसतं लिहिलं की मे महिन्यात तुम्हाला दोन्हीकडून पळवाट मिळते. पळवाट ठेवायची असेल तर लिहिताच कशाला?

जावक

आता संघ. सगळेजण आवकीपासून सुरू करतात, कारण बातम्या आवकीच्या असतात. नवा परदेशी विमानतळावर उतरतो, गळ्यात हार पडतात, फोटो येतो. गेलेल्या माणसाचा एक 'धन्यवाद' लिहिलेला फोटो येतो आणि विषय संपतो. कोल्हापूरच्या माणसाला यात फसायला नको खरं तर. इथले फुटबॉल संघ पेठांतल्या तालमींचे; एखाद्या पोरानं तालीम बदलली की नव्या तालमीत जल्लोष होतो. पण जुन्या पेठेतली म्हातारी माणसं लगेच विचारतात, "आता डावीकडनं कोण घालणार?" बरोबर प्रश्न तोच.

जमशेदपूरचं बघा. २०२१-२२ ला शील्ड जिंकली. त्यानंतर कोच ओवेन कॉइल गेले आणि मधल्या फळीतला स्कॉटिश खेळाडू ग्रेग स्टुअर्ट मुंबईला गेला. पुढच्या हंगामात अकरा संघांत जमशेदपूर दहावं. तोच स्टुअर्ट २०२२-२३ ला मुंबईकडून शील्ड जिंकला. मुंबई त्यानं पुढच्या हंगामाच्या मध्यातच सोडली, त्या वर्षी शील्ड मोहन बागानला गेली. २०२४ ला तो मोहन बागानमध्ये आला आणि पुन्हा शील्ड. तीन क्लब, तीन शील्ड. स्टुअर्ट एकटा जिंकून देतो असं मी म्हणत नाही. पण एका माणसाच्या प्रवासावर पेन्सिलीनं रेघ मारली तर लीगचा चार वर्षांचा इतिहास त्या रेघेवर सापडतो. अशी माणसं प्रत्येक हंगामात दोन-तीन असतात. ती शोधायची.

जावक नुसत्या नावांनी लिहू नका, मिनिटांनी लिहा. हिशेब सोपा आहे. २२ सामन्यांच्या हंगामात एका जागेची १,९८० मिनिटं होतात; अकरा जागांची २१,७८०. लीगच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूची खेळलेली मिनिटं असतात. जे गेले त्यांची मिनिटं बेरजेत घ्या आणि २१,७८० नं भागा. पाव हिश्श्यापेक्षा कमी गेलं असेल तर तो मागच्याच वर्षीचा संघ समजा, नवे चेहरे ही फोडणी. चाळीस टक्क्यांच्या वर गेलं असेल तर तो नवा संघ, जर्सी तेवढी जुनी. हे आकडे माझे अनुभवाचे आहेत, कुठल्या शास्त्राचे नाहीत. तुम्ही दोन हंगाम करून बघा आणि आपले ठरवा.

मिनिटांचा फायदा हा की नाव मोठं आणि खेळ छोटा असली माणसं गळून पडतात. निम्मा हंगाम गुडघा धरून बसलेला सेंटर फॉरवर्ड गेला तर रडायचं कारण नाही. उलट, ज्याचा फोटो कधी कुणी लावला नाही असा राइट बॅक १,९०० मिनिटं खेळून गेला असेल, तर ती जखम आहे.

मिनिटं झाली की जागा बघा. एकाच रेघेतली माणसं गेली का? दोन सेंटर बॅक एकदम गेले, किंवा मधल्या फळीतला चेंडू पुढं नेणारा आणि त्याच्याकडून चेंडू घेणारा दोघंही गेले, तर नुकसान बेरजेनं होत नाही, गुणाकारानं होतं.

एक पान पूर्ण

भाच्याला दाखवायला मी २०२४ ची वही काढली, मुंबई सिटीचं पान. त्या वर्षी मी लिहिलं होतं: 'कप जिंकलेला संघ, कोच तोच, तिसरा नक्की.' तीनच ओळी, घाईत. दुकानात डेंग्यूच्या दिवसांची गर्दी होती, हे कारण पुरेसं नाही, पण होती. आता तेच पान ऑगस्ट २०२४ मध्ये हाताशी असलेल्या माहितीवरून कसं लिहायला हवं होतं, ते असं:

'मुंबई सिटी. उघडता साठा: साखळीत दुसरे, ४७ गुण, पहिल्यापेक्षा फक्त एक कमी. २२ सामन्यांत ४२ गोल. कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप.
जावक: अपुइया मोहन बागानला. होर्गे पेरेरा डियाझ, अल्बर्टो नोगेरा आणि राहुल भेके, तिघंही बेंगळुरूला. स्टुअर्ट आधीच गेलेला.
आवक: गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस. परदेशी कारेलिस, टोराल, व्हॅन नीफ. या लीगमध्ये तिघंही नवे.
कोच: पेटर क्रॅट्की, मागच्या हंगामाच्या मध्यात आलेले, आता पहिल्यांदाच पूर्ण हंगाम.
प्रश्न: मधून चेंडू पुढं नेणारा अपुइया, शेवटचा पास देणारा नोगेरा आणि गोल मारणारा डियाझ एकाच उन्हाळ्यात गेले. कडेनं पळणाऱ्या छांगटेला धावायला जागा कोण काढून देणार?
अंदाज: पाचवा. एक जागा वर-खाली.'

एवढंच. सात-आठ ओळी. यात 'समतोल' नाही, 'अपेक्षा' नाही. नाव झाकलं तरी मुंबई सोडून दुसऱ्या कुणाचं हे पान होऊ शकत नाही.

झालं काय? मुंबई २४ सामन्यांत २९ गोलांवर थांबली, ३६ गुणांनी सहावी आली. आणि बाद फेरीत कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरूनं त्यांना ५-० धुतलं. ज्यांच्या घरी आपली तीन माणसं गेली त्यांच्याच घरी जाऊन पाच गोल खाल्ले. त्यातला भेके तर मुंबईचाच. २०१९ च्या अंतिम सामन्यात अंधेरीच्याच मैदानावर जादा वेळेत गोव्याविरुद्ध बेंगळुरूसाठी एकमेव गोल मारणारा तोच. जावक ही कुणाची तरी आवक असते, म्हणून मी एका पानावर नाव खोडलं की लगेच दुसऱ्या पानावर ते लिहितो. मोहन बागानच्या पानावर अपुइया आणि स्टुअर्ट असे शेजारी शेजारी आले तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी त्या वर्षी ५६ गुण केले.

पानातला 'प्रश्न' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचं कारकुनी काम आहे. प्रत्येक संघाला एकच प्रश्न, आणि तो असा की हंगामात उत्तर दिसलं पाहिजे. 'संघात एकजूट राहील का' हा प्रश्न नाही, कारण उत्तर दिसत नाही. 'सुनील छेत्री चाळिशीत ९० मिनिटं खेळणार की शेवटची ३०' हा प्रश्न आहे. छेत्रीनं जून २०२४ ला कुवेतविरुद्ध भारताकडून निरोप घेतला होता, म्हणून मी त्याला 'शोभेचा' असं लिहिलं. त्यानं त्या हंगामात १४ गोल केले, कुठल्याही भारतीयापेक्षा जास्त, आणि मार्चमध्ये भारताच्या संघातही परत आला. तो शब्द वहीत अजून आहे. बघितला की कान गरम होतात.

कोच

कोचकडे मी तीन गोष्टी बघतो. तो राहिला की गेला. आला असेल तर सराव शिबिराच्या आधी की नंतर. आणि या लीगमध्ये आधी काय केलंय.

राहिलेल्या कोचची किंमत लोक कमी धरतात. २०२४ ला एफसी गोव्याचं जावकीचं पान मुंबईइतकंच भीतीदायक दिसत होतं: नोआ सदोई केरळला, ब्रँडन मुंबईला. मिनिटांच्या हिशेबानं मी त्यांना खाली टाकलं असतं. पण मानोलो मार्केझ जागेवर होते, जे २०२२ ला हैदराबादला कप जिंकून देऊन आले होते. गोवा ४८ गुणांनी दुसरं आलं आणि त्यांचा ब्रायसन फर्नांडिस हंगामाचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. गेलेल्यांची जागा घेणारा पोरगा घरातच होता, आणि त्याला कुठं उभं करायचं हे माहीत असलेला माणूसही तिथंच होता. म्हणून कोच तोच असेल तर जावकीच्या आकड्यातून मी थोडं वजा करतो.

कोच बदलला म्हणजे घात झाला असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात डेस बकिंगहॅम मुंबई सोडून इंग्लंडला गेले, क्रॅट्की आले आणि मे मध्ये कप मुंबईनंच जिंकला. होजे मोलिना मोहन बागानला नवे होते, पण लीगला नव्हते. २०१६ ला कोलकात्याच्याच एटीकेबरोबर त्यांनी ही स्पर्धा जिंकली होती. शहर माहीत, दमट हवा माहीत, पत्रकार माहीत.

खालिद जमील यांच्याबद्दल एक ओळ माझ्या वहीत कायम असते: 'कमी लिहू नको.' २०१६-१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकून दिली. २०२४-२५ ला जमशेदपूर पाचवं आणलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले. मोठी नावं नसलेला संघ त्यांच्या हाताखाली आपल्या अंदाजापेक्षा दोन जागा वर येतो. मी आता तसंच लिहितो.

आवक, आणि माझी सगळ्यात मोठी फजिती

२०२४ ला ईस्ट बंगालच्या आवकीचा रकाना भरून बाजूच्या समासात गेला होता. दिमित्रिओस डायमंटाकोस, आदल्या हंगामात केरळकडून १३ गोल मारून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतलेला. मादी तलाल, पंजाबकडून सर्वाधिक गोलसाहाय्य केलेला. अन्वर अली. जीक्सन सिंग. मी वहीत 'दुसरा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

ते पहिले सहाच्या सहा सामने हरले. तीन सामन्यांनंतर कोच कार्लेस कुआद्रात गेले, ऑस्कर ब्रुझोन आले, आणि शेवटी नववा क्रमांक. समोरच्या वडापाववाल्यानं माझ्या वहीतलं ते पान फोटो काढून छापून आणलं आणि 'उधारी बंद आहे' या पाटीशेजारी चिकटवलं. दिवाळीपर्यंत काढू दिलं नाही.

चुकलं कुठं? मी साठा बघितला, मांडणी बघितली नाही. डायमंटाकोसचे १३ गोल केरळच्या मांडणीतले होते. गोल खेळाडूच्या नावावर पडतो, पण मागचे दोन पास जुन्या क्लबमध्येच राहतात. ईस्ट बंगालमध्ये लीगच्या अख्ख्या हंगामात त्याचे चार गोल झाले. तेव्हापासून आवकीत नाव लिहिलं की मी पुढं कंसात लिहितो, 'पास कोण देतंय?' पेनल्टीवरचे गोल वेगळे काढतो, कारण नव्या क्लबमध्ये पेनल्टी आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर असू शकते.

याच्या उलटं घडलं नॉर्थईस्ट युनायटेडच्या पानावर. तिथं मी मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईसमोर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'पाहिलेला नाही.' त्यानं २३ गोल केले, लीगच्या इतिहासात एका हंगामातले सर्वाधिक. माझं चुकलं का? अंदाजच केला नव्हता, मग चुकणार काय. पण 'पाहिलेला नाही' हे तीन सेकंदांच्या चित्रफितीवरून 'वेगवान, धोकादायक' असं लिहिण्यापेक्षा बरं. नव्या परदेशी खेळाडूबद्दल तीनच गोष्टी लिहा: वय, मागच्या दोन हंगामांत खेळलेली मिनिटं, आणि तो कोणत्या हवामानातून येतोय. पस्तिशीचा, मागच्या वर्षी ६०० मिनिटं खेळलेला माणूस म्हणजे एक्स्पायरी जवळ आलेली बाटली. कंपनी मोठी असली तरी मी ती पुढच्या फळीवर मांडत नाही.

परदेशींवर फार वेळ घालवू नका. पहिल्या हंगामांत मैदानात सहा परदेशी असायचे. ते पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. म्हणजे अकरातले सात भारतीय. गोलकीपर जवळपास सगळीकडे भारतीय, साइड बॅक भारतीय. मोहन बागानच्या ५६ गुणांत ऑस्ट्रेलियाच्या मॅक्लारेनच्या गोलांची चर्चा झाली, पण गोलकीपर विशाल कैथनं १५ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि सुभाषिश बोसनं बचावात खेळून सहा गोल मारले. माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट असते, 'सात कोण?' ती सात नावं भराभर लिहिता आली नाहीत तर त्या संघाला मी वरच्या सहात धरत नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला, ज्या संघात असेल त्याचं पान मी जरा लांब लिहितो, हेही कबूल करून टाकतो. एवढा पक्षपात चालतो. लपवला की चालत नाही.

ड्युरँड कप कसा वाचायचा

हंगामाआधी हाताशी खरे सामने असतात ते ड्युरँडचे. पण त्यांची पट्टी वेगळी. १ ऑगस्ट २०२४ ला केरळा ब्लास्टर्सनं मुंबईला ८-० हरवलं. आमच्या गल्लीत लगेच केरळला शील्ड देऊन टाकली. समोर मुंबईची राखीव पोरं होती. केरळ पुढं लीगमध्ये आठवं आलं, आणि कोचला डिसेंबरातच जावं लागलं. त्याच स्पर्धेचा ३१ ऑगस्टचा अंतिम सामना मात्र वेगळा: कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान २-० नं पुढं, आणि नॉर्थईस्टनं बरोबरी करून पेनल्टीवर कप नेला. तिथं दोन्हीकडून खरे संघ उतरले होते. नॉर्थईस्ट लीगमध्ये चौथं आलं.

तेव्हा निकाल वाचायच्या आधी अकरा नावं वाचा. समोरच्या अकरात किमान सात पहिल्या फळीचे असतील तरच तो सामना वहीत घ्या. बाकीचे करमणुकीसाठी बघा.

पैसा

ही गोष्ट लिहायला कुणाला आवडत नाही, आणि आकडे आपल्याला मिळत नाहीत. पण खुणा दिसतात. सराव उशिरा सुरू होणं, नोंदणीवर बंदी, जानेवारीत चांगल्या खेळाडूंनी एकामागोमाग जाणं. हैदराबाद २०२२ ला चॅम्पियन होतं, २०२२-२३ ला दुसरं. २०२३-२४ ला सगळ्यात खाली, २२ सामन्यांत आठ गुण. मधल्या काळात कोच आणि जवळपास अख्खा संघ निघून गेला होता. त्या क्लबची जागा तरी कुणाची? पुण्याची. बालेवाडीत खेळणारं एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडलं आणि त्या जागी हैदराबाद आलं. आता हैदराबादचंही बिऱ्हाड दिल्लीला गेलंय. बालेवाडीला मी त्यानंतर एकदाच गेलो, सप्टेंबर २०२३ मध्ये, मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगचा घरचा सामना तिथं खेळली तेव्हा. इराणच्या नस्साजीकडून ०-२ हरली. परतताना गाडीत सगळे म्हणत होते, एवढे जादा सामने म्हणजे लीगमध्ये यांची दमछाक होणार. मीही तसंच लिहिलं. मुंबई आशियातले सहाच्या सहा हरली आणि लीगमध्ये दुसरी येऊन कपही जिंकली. जादा सामन्यांचा रकाना म्हणून मी ठेवतो, पण त्याला वजन कमी देतो.

क्रमांक लावताना

एक ते चौदा असं सरळ लावायला बसू नका, डोकं फिरतं. आधी तीन ढीग करा: वरच्या सहात असणारच, नसणारच, आणि मधले. मधल्या ढिगात पाच-सहा संघ राहिले पाहिजेत. दोनच राहिले तर तुम्ही फाजील आत्मविश्वासात आहात, दहा राहिले तर तुम्ही घाबरलाय. मग प्रत्येक ढिगात क्रम. शेवटी मागच्या वर्षीचा गुणतक्ता शेजारी ठेवा. तुमचा तक्ता त्याच्याशी जवळपास जुळत असेल तर तुम्ही अंदाज केलेला नाही, नक्कल केलीये. बेंगळुरू २०२३-२४ ला दहावं होतं, पुढच्या वर्षी तिसरं येऊन अंतिम सामन्यात पोचलं. असा एक तरी संघ दर हंगामात खालून वर येतो, एक वरून खाली पडतो. कोण, ते नाव घालून लिहा.

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू क्लब बदलू शकतात ती मुदत, बंद व्हायच्या आधी पानं पक्की करू नका. पेन्सिल वापरा. विंडो बंद झाली की पेन, आणि पेननं लिहिल्यावर खाडाखोड नाही. पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तारीख टाकून सगळ्या पानांचे फोटो मित्रांना पाठवून द्या, म्हणजे नंतर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय राहत नाही. प्रत्येक पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा सोडा, हंगामाच्या मध्यात तिथं प्रश्नाचं उत्तर लिहायचं. पान फाडायचं नाही, ईस्ट बंगालचं तर नाहीच.

भाच्यानं परवा दुसऱ्यांदा लिहून आणलं. मी पुन्हा नावं झाकून वाचली. चौदातले अकरा ओळखले. उरलेले तीन त्याला परत दिलेत, त्यात चेन्नईयिनच्या पानावर अजूनही 'समतोल' आहे.